फरशीचं कलम

प्रिय बाबा,

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यासाठी आज मी गाळा भाड्याने घेतला. मी तुमच्याच दवाखान्यात बसणार, असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणून हे पत्र पाठवायचा धीर होत नाही.

करारात फरशी फोडायला मनाई होती. मालक म्हणाले, "अहो डॉक्टर, एवढं कोण वाचतं? करा सही." मी म्हटलं, "काका, पेशंटच्या खुर्चीच्या पाण्याचा पाइप फरशीखालून न्यावा लागतो. कलम बदला, नाहीतर मी निघाले." आणि खरंच उठले.

"बसा हो, किती तापता!" म्हणत त्यांनी ते कलम खोडलं, दोन्ही प्रतींवर.

किल्ली माझ्या मुठीत आहे. आणि बाबा, मी कुणाची मुलगी, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलंच नाही.

तुमची,
धाकटी