डेन्मार्कचे सेन्सेई आणि कावळ्यांची जाळी

योकोहामा,
१२ फेब्रुवारी २००६

ती. लक्ष्मणदादा,

नमस्कार, वाकून केला असं समजा.

मला मार्चमध्ये पुण्याला परत पाठवायचं आहे, असं आमच्या यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, म्हणून हे पत्र. ‘सुमनने साहेबांच्या दारात कचरा ठेवला’ हे त्यांचं वाक्य खरं आहे. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका.

आमच्या वस्तीच्या सभागृहात दर महिन्याला एका देशाची संध्याकाळ असते. या वेळी डेन्मार्क होता आणि बोलणारं डॅनिश जोडपं आजारी पडलं. मी भारतावर बोलते म्हटलं. पण डेन्मार्कची पोस्टरं लागली होती आणि इथे माणूस बदलता येतो, पोस्टर नाही. तेव्हा मीच डेन्मार्कवर बोलायचं ठरलं. (लॉ कॉलेजात मला बक्षीस मिळालेलं प्रा. आक्सेल ब्रून यांचं चरित्र तुम्ही ‘याचा काय उपयोग’ म्हणून माळ्यावर टाकलंत. झाला उपयोग.) ब्रून वहिवाटीच्या हक्कावर ग्रंथ लिहिणारे प्राध्यापक. पन्नाशीत निवडणुकीला उभे राहिले. शेतकऱ्यांनी तुंबलेल्या चराची तक्रार केली, तर यांनी कलम वाचून दाखवलं आणि सपाटून पडले. पुढच्या खेपेला गमबूट घालून चरात उतरले, निवडून आले आणि पुढे पक्षाचे नेते झाले.

मी मराठीत बोलत होते, शेजारची सोनल (ऑफिसात दुभाषाचं काम करते) जपानीत सांगत होती. पण जपानीत प्राध्यापक सेन्सेई, वकील सेन्सेई आणि खासदारही सेन्सेईच. त्यामुळे सेन्सेई आधी सेन्सेई होते, मग सेन्सेई झाले आणि शेवटी सगळ्या सेन्सेईंचे सेन्सेई झाले, एवढंच सभेला कळलं. पुढच्या रांगेतल्या ओकादा आजोबांनी विचारलं, “मग बदललं काय?”

“बूट,” मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. लगेच आजोबा म्हणाले, “सेन्सेई, आमच्या कावळ्यांचं काय?” (इथले कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, म्हणून त्यांच्यावर जाळी पसरतात.)

“काकू, तुम्हाला सेन्सेई म्हणाले!” सोनल कुजबुजली.

“ऐकलं. गमबूट कुठे मिळतात ते विचार.”

दुसऱ्या सकाळपासून मी कचऱ्याच्या जागी उभी. प्रत्येक पिशवी जाळीखाली, जळणारा कचरा वेगळा, धातू वेगळा. गुरुवारी कुरोदा-सान यांच्या भिंतीशी, जाळीबाहेर, एक पिशवी दिसली. जळणाऱ्या कचऱ्यात काहीतरी चकाकत होतं. मी ती उचलून त्यांच्या दारात ठेवली, घंटा वाजवली आणि मला येणारं एकमेव खणखणीत जपानी वाक्य बोलले: “वेगळं करा.” त्यांनी कमरेत वाकून पिशवी आत नेली. कुरोदा-सान आमच्या यांचे ऑफिसातले साहेब आहेत आणि कंत्राट वाढवणं त्यांच्या हातात आहे, हे मला माहीत होतं. नियम साहेबालाही लागतो.

“सुमन, तू पुण्याला जा!” हे ओरडले. जाणार नाही. एप्रिलपासून वर्षभरासाठी मला वस्तीतल्या आमच्या घरांची गटप्रमुख केलं आहे, एकमताने. ब्रून एकदा पडले होते, मी तेवढाही वेळ घेतला नाही.

आपली,
सुमन

ता. क. गटप्रमुखपद घरटी पाळीने येतं आणि यंदा पाळी आमचीच होती, असं सोनल म्हणते. एकमत होतं, हे खोटं नाही.

ता. क. आणखी एक. काल कुरोदा-सान आले होते. पिशवी त्यांची नव्हतीच. सेन्सेईंनी सांगितलं म्हणून त्यांनी मुकाट्याने वेगळी केली. आत वहिनींनी पाठवलेली कडबोळी निघाली, डब्यासकट. ऑफिसला जाता जाता टाकणारा माणूस कोण, ते तुम्हाला कळलंच असेल. यांना मी अजून काही बोललेले नाही. तुम्ही फोन करा, वहिनींचा डबा कुठे आहे एवढंच विचारा, आणि मार्चचा विषय त्यांनी काढला तरच काढा.

मिळाल्याची नोंद: ओकादा आजोबांकडून कावळ्यांची जाळी एक (फाटकी), झाडू एक. कुरोदा-सान यांच्याकडून स्टीलचा डबा एक, झाकणासकट, लख्ख घासलेला, ‘सौ. शैलजा ल. आपटे’ हे नाव शाबूत. दोन्ही हातांनी दिला. मीही दोन्ही हातांनी घेतला.