जांभई देणारी मुलगी

तळोदा, ३ नोव्हेंबर १९३८

दुपारी तळोद्याला पोहोचलो. धानोऱ्याहून पहाटे बैलगाडी, मग नावेतून तापी, पलीकडे पुन्हा दुसरी गाडी. हाडं खिळखिळी झाली आहेत, पण मन खूश आहे. वाचनालयाचे ग्रंथपाल चुनीलालभाई दारातच उभे होते. तापीकाठचे गुजर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. "आवो चुडामणभाऊ, तुमची पोरं वाट बघतात," म्हणाले. मला त्यांनी नव्या बालविभागात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं आहे. मुलांची पुस्तकं लावायची, फाटली तर खळ लावून चिकटवायची, आणि शाळा सुटल्यावर मुलांना गोष्ट सांगायची.

बालविभागाची खोली म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. लांबलचक, एकच खिडकी, भिंतींना ताजा चुना. मागच्या बाजूला आडोसा करून माझी खाट टाकली आहे. यंदा कापूस वेचून वेचून कंबर गेली होती. इथे सावलीत बसून गोष्टी सांगायच्या आहेत. दैव उघडलं म्हणायचं.

५ नोव्हेंबर

आज पहिली गोष्ट. पुस्तकी मराठीत सुरुवात केली तर मुलं नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग सरळ अहिराणीत उतरलो, तसे चेहरे खुलले. किराणावाल्यांचा नवल फार बडबड्या. दर वाक्याला विचारतो, "मंग काय व्हयनं, भाऊ?" झाडलोट करणाऱ्या धनुबाईंची नात बेबी माझ्या गुडघ्याला टेकूनच बसली.

मागच्या भिंतीपाशी एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. विटलेला परकर, केस धुळीने भरलेले. सगळी पोरं हसत होती तेव्हा ती जांभया देत होती. जरा राग आला. पुढच्या वेळी तिच्यासाठी वाघच आणतो गोष्टीत.

९ नोव्हेंबर

वाघ आणला. बेबी घाबरून माझ्या मांडीवर चढली. त्या मुलीला काहीच नाही. जांभई देते, पण पेंगत नाही. डोळे लालभडक आणि टक्क उघडे. तिची पापणी लवलेली मी अजून पाहिली नाही.

आज नवल तिच्याशेजारी बसला होता. गोष्ट अर्ध्यावर यायच्या आत तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तो, जो कधी गप्प बसत नाही. गदागदा हलवून उठवावा लागला. ती कोणाची म्हणून मुलांना विचारलं. दुसऱ्या आळीची असेल म्हणाली. नाव कोणालाच ठाऊक नाही.

मलाही हल्ली दिवसभर जांभया येतात. रात्रभर झोपतो तरी थकवा जात नाही. हवा बदलली म्हणून असेल.

१२ नोव्हेंबर

नवल आला नाही म्हणून त्याच्या घरी गेलो. ताप नाही, दुखणं नाही, नुसता झोपला आहे. दूध तोंडात घातलं तर कडेने ओघळतं. हिवताप डोक्यात चढला असं डॉक्टर म्हणाले, क्विनीन देऊन गेले. त्याची आई सिंधुबाई त्याचे तळवे चोळत होती. मला म्हणाली, "भाऊ, तू हाक मार त्याले. तुन्हं तो आयकस."

मी हाक मारली. पुष्कळ वेळा मारली. तो उठला नाही. सिंधुबाई तशीच तळवे चोळत राहिली.

१५ नोव्हेंबर

नवल गेला. झोपेतच.

चुनीलालभाईंचं म्हणणं पडलं की मुलं भेदरली आहेत, गोष्ट बंद ठेवू नका. सांगितली. काय सांगितलं ते आता आठवतही नाही, जीभ इतकी जड झाली होती. ती मुलगी आज भिंतीपासून पुढे सरकून, नवल बसायचा तिथे बसली होती. आणि तिच्याशेजारी बेबी.

मी गोष्ट तोडून उठलो, बेबीला उचललं. तिची मान माझ्या हातातच कलली.

१६ नोव्हेंबर

बेबी उठत नाही. धनुबाईंना मुलीबद्दल सारं सांगितलं. गोष्टीच्या वेळी त्यांना ती कधी दिसलेली नाही, पण परकर आणि डोळे सांगितले तशा त्या झाडलोट टाकून पायरीवर बसल्या.

वीस वर्षांमागे मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी आजारी पोरांना याच गोदामात आणून निजवत, असं त्या म्हणाल्या. धनुबाई तेव्हा त्यांना पाणी पाजायच्या. खोलीत पाय ठेवायला जागा नसे. झोपलं पोर सकाळी उठत नसे, म्हणून आया बजावून जात, मी येईस्तोवर डोळा लागू देऊ नको. मोलगीच्या डोंगरातून लाकडाच्या मोळ्या विकायला येणारी कालीबाईही आपल्या मुलीला तेच बजावून पाण्याला गेली आणि विहिरीपाशीच पडली. पोरगी वाट बघत बसली. बसल्या जागी गेली, डोळे उघडेच. धनुबाईंनी ते मिटवले, ते पुन्हा उघडले.

"ती आजून वाट देखी ऱ्हायनी," धनुबाई म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर

चुनीलालभाईंनी गोष्टीचा तास बंद केला, खोलीला कुलूप घातलं. माझी खाट ओसरीवर. कुलपाचा काय उपयोग? धनुबाईंच्या घरी ती बेबीच्या उशाशी बसली आहे. धनुबाईंना दिसत नाही. मला दिसते. बेबीचा श्वास इतका हळू चालतो की छातीवर हात ठेवून पाहावं लागतं.

मुलीला म्हटलं, चल, तुला एकटीला गोष्ट सांगतो. ती उठली. ती चांगली नाही, वाईटही नाही. फार दमलेली आहे.

धनुबाईंनी माझा हात धरला. "नको जाऊ, भाऊ. तुले बी माय शे."

चुनीलालभाईंकडून किल्ली मागून घेतली. पुस्तकं आवरायची आहेत म्हणालो.

१८ नोव्हेंबर, दुपार

गोदामाला आतून कडी घातली आहे. ती शेजारी टेकून बसली आहे. दंड बधिर झाला. गोष्टीवर गोष्ट सांगतो आहे. पेन्सिल चालते आहे तोवर मी जागा आहे, म्हणून लिहितो.

आत्ता ती पहिल्यांदा बोलली, आई आली का म्हणून. "माय उनी का?"

मी म्हणालो, "उनी. नीज आता."

खोटं बोललो. तिने माझ्याकडे बघितलं. मग पापण्या—

—

बाहेरून धनुबाईंची हाक. बेबी उठली. पाणी प्यायली, भाकर मागते आहे. धनुबाई दारापाशी रडत आहेत, बाहेर ये म्हणतात.

पोरगी निजली. खरंच निजली. खांद्यावर भारच नाही आता.

उठायला हवं. पाय उचलवत नाहीत—

—

खोली भरली आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोरं. गोधड्या पांघरलेली. सगळ्यांचे डोळे उघडे. एकाने जांभई दिली, मग सगळ्यांनी.

एक मुलगा सरकून माझ्याशेजारी बसला. थंड आहे. विचारतो, माय उनी का—

धनुबाई दार वाजवताहेत. लांबून. आवाज फार लांबून येतो—

त्याला म्हणालो, उनी. मागे दुसरा उभा आहे. त्याच्यामागे— एवढी सगळी निजेपर्यंत मला डोळे उघडे—

सांगतो. बस रे. एक गाव होतं, आणि त्या गावात