पॅनलवर कुरडया

११ फेब्रुवारी
आज गच्ची गेली. सासूबाईंची. सोलरचे सहा पॅनल, तीन-तीनच्या दोन ओळी, तोंड दक्षिणेला. पॅनल बसवायला बीडहून आलेल्या फेरोजने जिन्यावरच्या छपराची सावली कुठवर येते ते खडूने आखलं. सावली न येणारी जागा बरोबर सासूबाईंच्या कुरडयांची निघाली. खाली त्या ह्यांना विचारत होत्या, "आरं, पर कुरडया कुठं घालू मी?" हे म्हणाले, "माय, इकत आणू की."
सोलरचं खूळ ह्यांच्या डोक्यात मी भरलं, हे दोघांनाही ठाऊक नाही. नऊ वर्षं कुरडयांच्या दिवशी मला जिना चढायची बंदी. मूल नाही म्हणून. "हिचा हात लागला की चीक फुटतोय," असं सासूबाई गल्लीतल्या बायकांसमोर म्हणायच्या, हसत हसत. घाला आता कुठं घालायच्या त्या.

१९ फेब्रु.
मीटर बदललं. दिवसा आपली जास्तीची वीज लाईनीत जाते, रात्री तिकडची आपण घेतो, बिलात वजाबाकी. हे मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी फेरोजला म्हणाले, "हिला सांगा, मला न्हाई समजत त्यातलं." ॲप माझ्या मोबाईलमध्ये. किती वीज होते त्याची रेघ त्यात दिसते. सकाळी चढते, दुपारी टेकडी होते, संध्याकाळी उतरते. ढग आला तरी कळतं.
धूळ साचली की वीज घटते, हायवेची धूळ तर विचारू नका, म्हणून सकाळी ऊन तापायच्या आत पॅनल धुवायचे. एका पॅनलवर सावली पडली तर ओळीतली बाकीचीही ढेपाळतात. आणि लाईट गेली की आपलंही बंद, रेघ शून्यावर. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. ते ऐकून सासूबाई: "ऊन आपलं, गच्ची आपली, तरी लाईट गेल्यावर अंधारच? मंग कावून बसिवलं?"
प्रश्न चोख होता. मी पाठ फिरवून मोबाईल बघत बसले.

२४ मार्च
बिल आलं. जवळजवळ काहीच नाही. हे दुकानात गिऱ्हाईकाला कापड फाडून देताना बिल दाखवत होते म्हणे. मी दिवसभर कूलर लावते. सासूबाईंना कूलरचा वारा बाधतो, अंग धरतं. तरी लावते.

५ एप्रिल
तीन दिवसांपूर्वी सासूबाईंनी गहू भिजत घातले. कुठे घालणार विचारलं तर "तुला काय करायचंय?"
आज ११.३५ ला रेघ धाडकन निम्म्यावर. पंखा चालू, म्हणजे लाईट होती. सावलीच. जिन्यातून डोकावले. खालच्या ओळीवर दुकानातलं मांजरपाट ओलं करून पसरलेलं, त्यावर कुरडया. काच तव्यासारखी तापते, तासाभरात वरून वाळतात, मग ओसरीतल्या बाजेवर. हे एकला जेवायला यायच्या आत सगळं गुंडाळलं. बायका कुणी नव्हत्या. एकट्याच दाबत होत्या सोऱ्या, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.
ह्यांना सांगितलं नाही. असू दे जवळ.

९ एप्रिल
सांगितलं. ह्यांना, शेजारच्या दोघी बसलेल्या असतानाच. हे तिथंच ओरडले, "माय, येडी झालीस का? एवढ्या महागाच्या वस्तूवर कुरडया घालतीस? पोरासोरासारखं सांगावं का तुला?" सासूबाई शेंगा फोडत होत्या, फोडत राहिल्या. शेजारणींनी माना खाली घातल्या.
रात्री कुरडया तळल्या. एवढ्या फुललेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. मी तीन खाल्ल्या.

२ मे
हे सकाळीच गेवराईला, लग्नाला. पुन्हा चीक शिजवला सासूबाईंनी. मोडतच नाही खोड. पातेलं घेऊन जिन्यापाशी थांबल्या. "ये वर. आज तू घाल." नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी मोबाईलमधून मान वर न करता म्हटलं, "फुटंल की माझ्या हातानं." त्या एकट्याच वर गेल्या.
११.४० ला रेघ पडली. साडेबाराला तशीच. एक. दीड. मी कूलरसमोर पडून बघत होते. आज हे घरी नाहीत, म्हणून मला खिजवायला उशीर लावतात. मी वर गेल्याशिवाय उठणार नाहीत. बसा मग उन्हात. मी काही

४ मे, अंबाजोगाई
दवाखाना. सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऊन वेगळं लागलं.
त्या दिवशी तीनला वर गेले. भांडायला गेले होते. दोन ओळींच्या मधे पडल्या होत्या, दंड पॅनलच्या लोखंडी पायाला टेकलेला, कातडी भाजलेली. मांजरपाट बाजूला ओढलं, ह्यांना फोन केला, शेजाऱ्यांची जीप आली. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडल्या? हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी वर जायच्या अर्धा तास आधी असंल." त्यांनी तेच लिहून घेतलं.
मांजरपाट डोळ्यासमोरून जात नाही. अर्ध्यावर कुरडया, ओळीनं. उरलेलं अर्धं कोरं. सोऱ्या चिकानं भरून बाजूला, तोंडावर ओलं फडकं. माझ्यासाठी भरून ठेवला होता. दुसऱ्या कुणासाठी असणार?

१९ मे
घरी आणलं. बाज पुढच्या खोलीत. मी भरवते, पुसते, कूस बदलते. गल्ली म्हणते, सून असावी तर अशी. मी ऐकून घेते. मोबाईल हातात घेतला की सासूबाईंची नजर त्याच्यावर. पालथा ठेवते.
ॲपमधून तो दिवस पुसायचा प्रयत्न केला. पुसता येत नाही.

२६ मे
फेरोजचा फोन, ह्यांना. त्याच्याकडेही रेघ दिसते, हे मला कुठं माहीत होतं. दोन तारखेला वीज एवढी कमी कावून, म्हणून हे मला विचारायला आले. मी म्हटलं, "लाईट गेलती." ह्यांनी जसंच्या तसं फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, फेरोज म्हणाला, "नाही भाऊ, लाईट गेली तर शून्य येतं. ही निम्मी आहे. ११.४० पासून तीनपर्यंत सावली आहे कशाची तरी. परवा येतो, लॅपटॉपवर मिनिटामिनिटाचं दाखवतो."
फोन ठेवल्यावर हे जेवले नाहीत.

२७ मे
दुकान उघडलं नाही. सकाळपासून बाजेशी. मी दारात होते तरी मला बस म्हणाले नाहीत. "माय, किती येळ पडलीवतीस गं? बोटानं सांग. एक तास? दोन?"
सासूबाईंचा डावा हात उठला. बोटं उघडली. माझ्याकडे पाहिलं. मग मूठ मिटून घेतली आणि हात पोटावर ठेवला.
ह्यांनी पुन्हा विचारलं. मूठ मिटलेलीच.
त्यांनी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. आता उद्या फेरोज येईपर्यंत मला सांगायला जागा ठेवली आहे, अर्ध्या कोऱ्या मांजरपाटासारखी. हे ओसरीत बसलेत. चहा नेऊन दिला. घेतला नाही. मी वही घेऊन अजून दारातच उभी आहे.