नव्याला चांगली गाडी

चाचा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या गॅरेजच्या जागेवर मोबाइलचं दुकान आलंय आणि तिथे आधी काय होतं हे त्या दुकानदाराला माहीतही नाही. मी लिहितोय ते तुमच्या लेकीबद्दल. ती अकरावीला माझ्या क्लासमध्ये होती आणि चार महिन्यांतच मी तुम्हाला सांगितलं होतं की तिला सायन्स झेपणार नाही. ते खोटं होतं. मागच्या आठवड्यात ती मला नांदेडला भेटली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही असं लिहिणार होतो, पण झोप मला छान लागते. सकाळी चहाचा कप हातात आला की मात्र तिचं बोलणं आठवतं आणि चहा तसाच निवतो.

आपली ओळख भूकंपाने करून दिली. मी तेव्हा एम.एस्सी. होऊन रिकामाच होतो, एका खोलीत आठ-दहा पोरांची शिकवणी घ्यायचो. भूकंपानंतर पाऊस काही थांबेना. किल्लारीकडच्या वस्त्यांवर जीप जात नव्हती, रस्त्यात घरांचे दगड आणि त्यावर चिखल. औषधांची खोकी मोटरसायकलवरूनच न्यावी लागणार होती, आणि दगडांवरून गाडी नेणारी माणसं सगळ्या लातुरात मोजून चार-पाच, तीही सगळी तुमच्या गॅरेजवर बसणारी. तुम्ही मूळचे मुदखेडचे. तिकडच्या मेकॅनिक लोकांची एक जुनी हौस होती. उन्हाळ्यात इस्लापूरजवळ नदी आटली की तिथल्या काळ्या खडकावर गाड्या चालवायच्या. वेगाचं काम नाही. खडकांवरून गाडी हळूहळू न्यायची आणि पाय टेकायचा नाही, ज्याचा पाय कमी वेळा टेकला तो जिंकला. त्यासाठी तुम्ही एक जुनी टू-स्ट्रोक गाडी खास तयार केली होती. सीट काढून टाकलेलं, हँडल उंच केलेलं, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं बसवलेलं, इंजिनाखाली जाड लोखंडी पत्रा. ती बसून चालवायचीच नव्हती, फूटरेस्टवर उभं राहून चालवायची.

मी गॅरेजवर येऊन म्हणालो की मला गाडी चालवता येत नाही, पण तुमच्याबरोबर यायचंय. सगळे हसले. कोपऱ्यात एक खटारा गाडी उभी होती, हँडल वाकडं, क्लच घसरणारा. एकजण म्हणाला, याला ती द्या, पडली तरी फिकीर नाही. मलाही ते रास्तच वाटलं. तुम्ही हात पुसले, आपली दगडांवरची गाडी माझ्यापुढे आणून उभी केली आणि खटारा स्वतःकडे ओढला. मी नको नको म्हणत राहिलो. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी पुढे शेकडो पोरांना भाषणात ऐकवलं आणि एकदाही पाळलं नाही.

“नव्याला चांगली गाडी द्यायची बेटा. खटाऱ्यावर शिकनाऱ्याला गाडीची खोड आपलीच चूक वाटती. येकदा तसं वाटलं की मानूस जलमभर भितो.”

दोन सकाळी तुम्ही मला मोकळ्या मैदानात शिकवलंत. पुढच्या चाकाकडे बघू नको, जायचंय तिकडे बघ. क्लचवर एकच बोट. टायरमधली हवा निम्मी काढली की रबर दगडाला धरतं. तुमची लेक तेव्हा सात-आठ वर्षांची, टायरची हवा काढायचं काम तिचं, आणि ती अंगठ्याने दाबून बरोबर सांगायची की आता पुरे. तिसऱ्या दिवशी आपण निघालो. एका पडक्या गावाच्या वेशीपाशी मी औषधांच्या खोक्यासकट आडवा झालो. मागून येणारे शहरातले स्वयंसेवक नव्याकोऱ्या गाड्यांवरून बघून गेले, त्यातल्या एकाने शिट्टीही वाजवली. तुम्ही मात्र आधी माझा गुडघा बघितलात, मग खोकं, आणि गाडी सगळ्यात शेवटी. त्या महिन्यात मी किती वेळा पडलो याचा हिशेब नाही, पण गाडीची भीती मला आजतागायत वाटलेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला इस्लापूरला नेलंत. सहस्रकुंड धबधब्याच्या खाली खडक इतका तापलेला की चपलेतून चटका बसतोय, मंडळींनी सावलीत मटणाचं पातेलं चढवलंय, आणि मी स्वतःला मोठा तीसमारखाँ समजतोय, कारण माझा पाय फक्त सहा वेळा टेकलाय. मुदखेडचा एक रेल्वेतला माणूस पहिल्यांदाच आला होता, चाळिशीचा, पोट सुटलेला. पहिल्याच दगडावर त्याचे दोन्ही पाय खाली आले आणि मी मोठ्याने हसलो. तुम्ही तुमची गाडी बंद केलीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, “हसून काय करून राहिला? पळ त्याच्या बाजूनं.” दुपारभर मी त्या माणसाच्या गाडीच्या बाजूने खडकावरून पळत होतो, तो कलला की खांदा लावत होतो. संध्याकाळी तो एकही पाय न टेकता एक छोटा टप्पा पार करून गेला आणि त्याने मला मिठी मारली. मला त्या क्षणी त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मग लातूरचं नाव झालं. बोर्डाच्या यादीत आमची पोरं झळकायला लागली आणि उदगीर, देगलूर, पार परभणीकडून आई-बाप पोरांना घेऊन यायला लागले, बरोबर पत्र्याची ट्रंक आणि गॅसची शेगडी. माझ्या खोलीचा हॉल झाला, हॉलच्या तीन तुकड्या झाल्या, मग पाच. पहिल्याच दिवशी परीक्षा घ्यायची आणि मार्कांवर तुकड्या पाडायच्या. पहिल्या तुकडीला मी स्वतः, वर पंखे, नव्या छापील नोट्स. शेवटच्या तुकडीला मागचं पत्र्याचं शेड, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला शिक्षक आणि गेल्या वर्षीच्या पुसट झेरॉक्स. हे सगळेच करत होते, म्हणून मीही केलं, असं मी स्वतःला सांगतो. सगळे म्हणत असतानाही तुम्ही मला खटाऱ्यावर शिकवलं नव्हतं, हे मात्र स्वतःला सांगत नाही.

तुमची लेक दहावीला उर्दू शाळेत पहिली आली. तुम्ही पेढे घेऊन क्लासवर आलात, कपडे बदलून, नखांतलं काळं घासून काढून. पोरीला इंजिनिअर व्हायचंय, गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत तर बनवायच्या आहेत, असं तुम्ही सांगत होतात आणि ती तुमच्या मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, घरचीच पोरगी आहे, काळजी सोडा. परीक्षा झाली. यादी माझ्या टेबलावर आली तेव्हा तिचं नाव सगळ्यात खाली होतं, मार्कांच्या जागी शून्य. मला नवल वाटलं. उठून कपाटातून पेपर काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. बाहेर पालकांची रांग होती. मी यादीवर सही केली.

शेडमध्ये मी आठवड्यातून एकदा जायचो, तेही वरवर. एकदा तिने हात वर करून काहीतरी विचारलं. बोलता बोलता घर्षणाला ती ‘रगड’ म्हणाली, तिच्या उर्दू पुस्तकातला शब्दच तो. पोरं हसली. मी त्यांना गप्प केलं नाही. उलट तिलाच म्हणालो की आधी नीट मराठीत विचारायला शिक, मग फिजिक्स. चाचा, हे लिहिताना माझी मान खाली आहे. इस्लापूरला मला पळवणारे तुम्ही त्या शेडमध्ये नव्हतात, एवढाच काय तो फरक. त्यानंतर तिने कधी हात वर केला नाही, आणि दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली.

तुम्ही भेटायला आलात. मी टेबलाच्या या बाजूला, तुम्ही त्या बाजूला. तोवर तुम्ही मला बेटा म्हणायचात, कधी लाडात आलात तर मास्तर. मी म्हणालो, तिला आर्ट्सला टाका, उगाच वर्ष जाईल. तुम्ही विचारलंत, “तिचा पयला पेपर बघायला भेटंल का? चूक कुटं झाली तेवढं कळलं म्हंजे झालं.”

मी म्हणालो, पेपर रद्दीत गेले.

पेपर माझ्या पाठीमागच्या कपाटातच होते. मला वाटलं, तुम्ही मार्कांवरून वाद घालाल, बाहेरचे ऐकतील. ज्या माणसाने मला स्वतःची गाडी दिली तो मार्कांसाठी वाद घालेल, असं मला वाटलं! तुम्ही उठलात. “बरं सर,” म्हणालात, “तुमी म्हनता तर तसंच करू.” त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी सर झालो आणि शेवटपर्यंत सरच राहिलो. माझी गाडी तुम्ही पहिल्यासारखीच मन लावून दुरुस्त करायचात, चहा पाजायचात, फक्त बेटा म्हणत नव्हतात. तुम्ही गेलात तेव्हा मातीला मी आलो होतो. लोकांनी मला पुढे जागा करून दिली, तुमचा खास माणूस म्हणून.

त्यानंतर वर्षाभराने आम्ही नव्या इमारतीत गेलो. कपाट रिकामं करताना पेपरांचा तो गठ्ठा हाताला लागला आणि तिचा पेपर निघाला. तिने गणितं आकड्यांत सोडवली होती आणि उत्तरं उर्दूत लिहिली होती. दहा वर्षं ती ज्या भाषेत शिकली तिच्यात लिहिलं, उर्दूत लिहू नका असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणाऱ्याने पहिल्या पानावर तांबडी रेघ मारून ‘वाचता येत नाही’ असा शेरा दिला होता आणि पुढची पानं उलटलीही नव्हती. गणितं मला वाचता येत होती. सगळी बरोबर होती. बाकीचं आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतलं. घर्षणाचं उदाहरण द्या, असा एक प्रश्न होता. गुरुजी चष्मा पुसून वाचतायत आणि मी ऐकतोय: माझे अब्बा दगडांवर गाडी नेतात तेव्हा टायरची हवा कमी करतात, कारण मग टायर दगडाला जास्त जागी धरतो, चिखलात मात्र याचा उपयोग होईलच असं नाही, ते मी करून बघणार आहे. गुरुजी म्हणाले, पोरगी हुशार दिसते, कुठं आहे आता? मी म्हणालो, माहीत नाही. तेव्हा ते खरंच माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. नांदेडला आमच्या क्लासची शाखा आहे. मागच्या आठवड्यात तिथल्या एका शिक्षकाची मोटरसायकल घेऊन निघालो तर क्लच घसरायला लागला, म्हणून दिसेल त्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानासमोर थांबलो. गल्ल्यावर एक बाई होत्या. मी क्लचची केबल मागितली. त्यांनी मी बाहेर चालू ठेवलेल्या गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, केबलला काही झालं नाही, प्लेटा गेल्यात. मग माझ्याकडे बघून उभ्याच राहिल्या. तिने मला ओळखलं, चाचा, मी नाही. दुकान तिचं आणि नवऱ्याचं आहे, चांगलं चालतं. तिने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. तिची मुलगी हिशेबाच्या वह्या पसरून बसली होती, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. तिला पुढे बोलावून माझ्या समोर म्हणाली, “हे आपले सर. मला फिजिक्स जमत न्हवतं, सरांनी टायमावर सांगितलं म्हनून वर्ष वाचलं. हिला पन मी तेच सांगून राहिले, आपल्या घरात सायन्स न्हाई चालत.”

टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा नीट बघितला, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पोरगी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला. मी चहा संपवला, चांगला झालाय म्हणालो आणि निघालो.

त्या पोरीचा निकाल आता लागेल आणि आठवड्याभरात फॉर्म भरायचे असतील. त्याआधी हा पेपर घेऊन मला नांदेडला जायला हवं. तिच्या आईसमोर तो उघडून ठेवायला हवा आणि पोरीच्या देखत सांगायला हवं की तुझ्या आईत काही कमी नव्हतं. तसं आधी पत्र पाठवावं म्हणून तीन दिवस बसतोय. तिला लिहायला घेतलं की पहिल्या ओळीपुढे पेन सरकत नाही. तुम्हाला मात्र एका बैठकीत एवढं लिहून झालं, कारण हे तुम्ही वाचणार नाही याची मला खात्री आहे.