पंचवीस इंचांची खुर्ची

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

नव्या दवाखान्याचे नकाशे मी काढतोय, हे तुला ठाऊक आहेच. साहेबांनी परवा टूम काढली की, नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाने एक दिवस चाकांच्या खुर्चीत बसून कचेरीतलं काम करायचं, उठायचं नाही. मला हसूच आलं. माझी सख्खी बहीण तीन वर्षं त्या खुर्चीत आहे, तिच्या घराची दारं मी स्वतः मोजून बदलली, आता मला कोण काय शिकवणार?

अकरापर्यंत माझी ऐट टिकली. मग चहावाल्याने साखर किती घालू हे मला न विचारता, माझ्यामागे उभ्या असलेल्या टायपिस्टबाईंना विचारलं. 

त्यानंतर संडासात जायची वेळ आली. दार सत्तावीस इंची, तुझ्या न्हाणीघराला आहे तेवढंच, आणि माप माझंच. खुर्ची पंचवीस इंचांची, आरामात जाते, असं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत आलोय. खुर्ची गेली गं, पण चाकं फिरवणारे हात चाकांच्या बाहेर असतात. आधी उजव्या हाताची सालटी निघाली, मग डाव्या हाताची. शेवटी मी सरळ उठलो आणि चालत आत गेलो.

हात धुताना बोटांकडे लक्ष गेलं आणि नळ बंद करायचंही सुचलं नाही. तुझ्या हातांवर असतात त्याच जागी, सांध्यांवर, तशाच जखमा. तू म्हणायचीस किसणी लागते. मी शहाण्यासारखी तुला नवी किसणी पाठवली.

ताई, माया आहे तशी राहू दे, पण या वेळी खरं लिही.

तुझा,
फूटपट्टी


११ जून

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

किसणी छान आहे. गाजरं झरझर होतात.

आता खरं विचारतोसच, तर ऐक. दार बसवून झाल्यावर तू मला पहिल्यांदा आत नेलंस ते मागून ढकलत. माझे हात मांडीवर होते. दार जमलं म्हणून तू लहान मुलासारखा रडलास. त्यानंतर तोंड उघडायचं माझ्या जिवावर आलं. पुढे जो येईल त्याला तू ते दार दाखवायचास, मग तर प्रश्नच मिटला.

आत कशीबशी जाते, पण एकटीला बाहेर येता येत नाही. दोनदा अडकून बसले, एकदा दुपारभर. तेव्हापासून सकाळच्या चहानंतर, हे कामावरून घरी येईपर्यंत मी पाणी पीत नाही. मागच्या वर्षी मूतखडा झाला, तेव्हा भरपूर पाणी पीत जा म्हणून तूच रागावला होतास. मला हसावं की रडावं कळेना.

तू रडत बसशील, ते नको. एका दिवसात तुला सगळं कळलं असंही समजू नकोस. तू उठलास रे. मला नाही उठता येत.

पण दवाखान्याला हेच माप असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही. तिथे माझ्यासारखीच बायामाणसं येतील. सोबत सुतळीचा तुकडा पाठवते आहे. मी खुर्चीत बसून चाकं फिरवताना एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत, एवढी मी आहे. शेजारच्या शिंपीणबाईंकडून मोजून घेतलं. त्यांना माणसं मोजायची सवय आहे, तू खुर्ची रिकामी मोजली होतीस.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तीन वर्षं तू तहानलेली राहिलीस आणि मी त्या दाराची फुशारकी मारत होतो. मला माझीच शिसारी आली.

दवाखान्याच्या चाळीस चौकटी त्याच सत्तावीस इंची मापाने तयार होत्या, गुरुवारी बसवायच्या होत्या. साहेबांना म्हटलं, माप चुकलंय. ते म्हणाले, कागदावर तर बरोबर दिसतंय, आता काही बदलायचं नाही. मग मी त्यांना सुताराकडे नेलं, तुझी सुतळी काढली, खुर्चीत बसलेली बाई एवढी असते म्हटलं आणि ती आडवी धरली. चौकटीबाहेर दोन्हीकडे अडीच अडीच इंच सुतळी उरली. ही कोण, असं त्यांनी विचारलं. माझी बहीण, म्हटलं, आणि सालटी निघालेले हात पुढे केले. पाण्याचंही सांगितलं. साहेबांनी सुतळी स्वतःच्या हाताने चौकटीला लावून पाहिली. मग त्यांनी सुताराला चाळीसही चौकटी मोडायला सांगितल्या. सुताराने सुतळी मागितली. मी दिली नाही, त्याला तेवढीच दुसरी कापून दिली.

शनिवारी छिन्नी-हातोडा घेऊन येतोय, भावोजींना सांगून ठेव. या खेपेला तू खुर्चीत बसलेली असताना मोजणार, आणि मागून ढकलणार नाही. दार झालं की भरदुपारी माझ्यासमोर पेलाभर पाणी पी. सगळं संपेपर्यंत मी हलणार नाही.

तुझा अपराधी,
फूटपट्टी