दुसरा ब्रेक

प्रिय बाबा,

"माझ्या गाडीत शिकलेला माणूस नापास होत नाही." माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या सकाळी तुम्ही मला हे म्हणाला होतात. मी अठरा वर्षांची होते, आणि तुम्ही खिडकीतून आत वाकून माझा आरसा नीट करत होतात. टेस्टचा सगळा रस्ता तुम्ही माझ्याकडून आधीच घोकून घेतला होता. पाण्याच्या टाकीपाशी वेग कमी करायचा, शाळेच्या कोपऱ्यावर इंडिकेटर द्यायचा, आणि चढावर इन्स्पेक्टर मुद्दाम पेन खाली पाडेल तेव्हा अजिबात खाली बघायचं नाही. त्याने खरंच पेन पाडलं. मी बघितलं नाही. पास झाले. पुढच्याच रविवारी तुम्ही मला अनोळखी रस्त्यावर नेलंत, आणि मी भर चौकात गाडी बंद पाडून रडत बसले. मागे हॉर्नचा नुसता कल्ला, आणि तुम्ही हसत म्हणालात, "अगं, पहिल्या गिअरमध्येच आयुष्य काढणार आहेस का?" तेव्हापासून तुमच्या तोंडी माझं नाव 'फर्स्ट गिअर' पडलं ते पडलंच. लायसन्स मात्र पाकिटात राहिलं. शिकवणाऱ्याच्या पायापाशी असतो तो दुसरा ब्रेक आणि त्यावर तुमचा पाय, हे असल्याशिवाय मी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेय, असं म्हणाल. पण समोर येऊन बोलायला लागले की तुम्ही फडकं उचलता आणि खाली गाडी पुसायला जाता. केंद्राचा निकाल आल्यापासून आपल्या दोघांत "दूध संपलंय" आणि "गोळी घेतलीत का" यापलीकडे बोलणं झालेलं नाही. म्हणून हे पत्र त्या फडक्याच्याच घडीत ठेवतेय. तिथे ते तुम्हाला नक्की सापडेल.

आपला इन्स्पेक्टर, तुमचा नातू, आता झोपलाय, दुपारची झोप. तुम्हीच ठेवलेलं हे नाव त्याला इतकं चिकटलंय की शेजारच्या काकूसुद्धा "इन्स्पेक्टर जेवले का?" असं विचारतात. चालता यायला लागल्यापासून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी तो थांबतो, उकिडवा बसतो आणि चाकावरून हात फिरवतो. एकही चाक सोडत नाही. "जन्मभर इन्स्पेक्टरांना घाबरलो, आणि आता घरातच एक आला," असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात. त्याला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरात फक्त तुम्हीच जेवलात आणि आम्हालाही जेवायला लावलंत. "शिकायला वेळ लागणारे मी हजारांनी शिकवलेत," म्हणालात. तेव्हा मला तुमच्या त्या वाक्याचा केवढा आधार वाटला होता, हे मी कधी सांगितलं नाही.

उपचार शोधायला लागले तेव्हाची माझी वणवण तुम्ही पाहिलीत. खासगी केंद्राचं शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. सरकारी खर्चाने वर्तनोपचार मिळतो असं कुणीतरी म्हणालं, पण कुठे मिळतो ते कुणाला सांगता येईना. आरोग्य खात्याची बाई म्हणायची, "हे शिक्षणाकडे." शिक्षणवाले म्हणायचे, "छे हो, हे आरोग्याकडेच." कामावर, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत उभी राहून, काचा पुसता पुसता, मी किती फोन केले असतील! शेवटी लस टोचायच्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं की याच जिन्याने वर जा, दुसऱ्या मजल्यावर आहे ते केंद्र. त्याच्या सगळ्या लसी तिथे खालीच टोचल्या होत्या, बाबा. आठवड्याचे पाच दिवस, रोज सकाळी, शिकवणारी एक बाई आणि समोर एकच मूल, आणि एक पैसा द्यायचा नाही. फक्त जागा थोड्या. आधी चाचणी, आणि मग ज्याची गरज सगळ्यांत मोठी त्याला जागा आधी.

यातलं शेवटचं वाक्य मी तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं का, कोण जाणे. तुम्ही 'चाचणी' एवढंच ऐकलंत आणि कामाला लागलात. केंद्राच्या बाकावर बसून इतर आयाबापांना विचारलंत की आत काय काय करायला लावतात. दुसऱ्या दिवशी घरात एक बाहुली आली, छोटा कप आला, रंगीत ठोकळे आले. जेवणाच्या टेबलावर तुमची शाळा भरायला लागली. बाहुलीला पाणी पाज. नावाने हाक मारली की इकडे बघ. खिडकीकडे बोट दाखव. सांगताना तुम्ही टेबलावर दोन बोटांनी टकटक करायचात, आणि ती टकटक ऐकली की तो गालातल्या गालात हसून तसं करायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. माझ्या लेकाला कुणाकडे तरी बघून हसताना बघायचे. त्या दिवसांसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन, आणि पुढे जे लिहितेय ते वाचताना हे विसरू नका.

चाचणीच्या दिवशी तुम्ही त्याच्या शेजारी बसलात. त्या तपासणाऱ्या बाई किती प्रेमळ होत्या! त्यांनी बाहुली काढली. टेबलाच्या कडेवर तुमची बोटं वाजली. त्याने बाहुलीला पाणी पाजलं. त्यांनी हाक मारली, तुमची बोटं वाजली, त्याने मान वळवली. मग बोटाला लागल्याचं सोंग करून त्या "आई गं!" म्हणाल्या, आणि आपल्या इन्स्पेक्टरने उठून त्यांच्या हातावर फुंकर घातली. तेवढ्यात मला चढावरचं ते खाली पडलेलं पेन आठवलं. हाही रस्ता तुम्ही पाठ करून घेतला होता. बाईंनी विचारलं, "घरी काही अडचण? काही धोका?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "छे छे, अगदी शहाणं पोर आहे."

निकालात लिहिलं होतं, 'सौम्य गरज'. रोजची जागा नाही, तीन महिन्यांतून एकदा पालकांना सल्ला. तुम्ही ते मोठ्याने वाचलंत, "बघ, सौम्य म्हणतायत!" आणि चुंबक लावून तो कागद फ्रिजवर टांगलात. तुमचा चेहरा इतका उजळला होता की मला दोन दिवस बोलवेना. मग सांगितलं की बाबा, यात पास होणं म्हणजे जागा जाणं होतं. तुम्ही कागदाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि फडकं घेऊन खाली गेलात. फ्रिजवरचा कागद संध्याकाळी तिथे नव्हता.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. थोडी होते, आता नाही. पण तो काय करू शकतो हे तुम्ही जगाला दाखवलंत, आणि काय करू शकत नाही हे फक्त आपल्या घराला माहीत राहिलं. हिवाळ्यात तो भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा ते आठवा. आम्ही भिंतीला उशा बांधल्या, तुम्ही त्याचं डोकं मांडीवर दाबून धरून बसायचात. कितीतरी दिवसांनी कळलं की दाढेत पू झाला होता. एवढं दुखत होतं आणि "दुखतंय" म्हणायला त्याच्याकडे शब्द नव्हता, गालावर हात ठेवून दाखवायचंही त्याला सुचलं नाही. त्या केंद्रातल्या बाई हेच शिकवतात, बाबा. मागायचं कसं, दुखतंय हे दाखवायचं कसं, "थांब" म्हटलं की थांबायचं कसं. बाहुलीला पाणी तर तो पाजतो. स्वतःला तहान लागली की मात्र नळाखाली बसून किंचाळतो.

मी पुन्हा गेले त्या तपासणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळं खरं सांगितलं, दोन बोटांच्या टकटकीसकट. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबांनी फार छान शिकवलंय हो. पण ते शेजारी नसतील तेव्हा काय?" चाचणी वर्षभर पुन्हा होत नाही. पण येत्या गुरुवारी त्यांची समिती बसते आणि घरच्यांचं ऐकून घेते. मुलाच्या जिवाला धोका निर्माण झाल्याचा एखादा प्रसंग असेल, तर त्याला रोजची जागा लगेच देता येते. "मात्र ज्याने पाहिलं त्यानेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "ऐकीव गोष्टी आम्ही धरत नाही." मी दाढेचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पण नकारार्थी मान हलवली. ते दुखणं होतं, धोका नव्हता.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

बाबा, तुम्ही रोज जी गाडी पुसता ती कितीतरी महिने जागची हललेली नाही. बॅटरी गेलीय, असं तुम्ही आम्हाला सांगितलंत. तुमचे जावई नवी बॅटरी आणतो म्हणाले तर त्यांच्यावर खेकसलात, "राहू दे, आता कुठे जायचंय मला!" ज्या माणसाने आई गेली त्या आठवड्यातसुद्धा शिकाऊ मुलांची टेस्ट चुकवली नाही, तो माणूस गाडी सोडून बसतो, आणि मला त्याचं कारण कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं का?

मी वर होते त्या दिवशी. बंद खिडकीच्या काचा पुसत होते. त्याला पायरीवर बसवून तुम्ही गाडी मागे घ्यायला बसलात. गाडी थोडी मागे आली आणि गचकन थांबली. तुमचं तोंड उघडलेलं दिसलं, एकदा, दोनदा, पण काच बंद होती, मला आवाज आला नाही. मग तुम्ही दार उघडून धावलात आणि गाडीमागे गुडघ्यांवर बसलात. तुम्ही त्याला उचललंत तेव्हाही त्याचा हात चाकाकडेच होता. तो रडत नव्हता. रडत तुम्ही होतात. मी जिन्यापर्यंत धावले आणि तिथेच थांबले, कारण खालून तुमचा आवाज येत होता, "काही नाही झालं, काही नाही झालं," आणि ते तुम्ही त्याला सांगत होतात की स्वतःला, मला कळेना. वर आल्यावर तुम्ही म्हणालात, "याची एक सँडल हरवली गं कुठेतरी." चपटी झालेली सँडल तुम्ही डिकीत टाकताना मी परत खिडकीशी येऊन पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा जोड आणलात, एक नंबर मोठा, आणि मी म्हटलं, छान आहे.

मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही या घरातून निघून गेला असतात. अजूनही जाल अशी भीती वाटते. पण एवढं ऐका. मला त्यात तुमची चूक दिसली नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबला, त्याचाच पाय होता म्हणून माझं पोर वाचलं. दुसरा कुणीही गाडीत असता तर मी आज हे पत्र लिहीत नसते. आणि पुढच्या वेळी दुसराच कुणीतरी असेल, बाबा. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत तुम्ही कुठून बसणार?

समितीपुढे मी जाऊन सांगू शकते, पण मी काचेतून पाहिलंय. तिथले लोक विचारतील, हाक मारली होती का? हॉर्न दिला होता का? तरी तो उठला नाही का? याची उत्तरं माझ्याकडे नाहीत. ती फक्त तुमच्याकडे आहेत. शिवाय तुमच्या आयुष्यातली ती दुपार तुमच्या पाठीमागे चार अनोळखी लोकांत नेऊन सांगणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी सकाळी माझ्याबरोबर त्या जिन्याने वर चला. आपण इन्स्पेक्टरला घरी त्याच्या बाबांजवळ ठेवू. तिथे जाऊन, तो शहाणा आहे असं म्हणू नका. त्या दिवशी गाडीमागे काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक आहे. फडकं पिळाल, पत्राची घडी खिशात घालाल आणि गुरुवारी मी निघायच्या आधीच कुठेतरी फिरायला जाल. तरी मी चपला घालून दारात थांबेन. एकदाच, बाबा, त्याला नापास होऊ द्या.

तुमचीच,
फर्स्ट गिअर