काट्यावरचं टेबल

३ नोव्हेंबर
सर्व्हर गेला! इतकी वर्षं मी सांभाळलेला. जिनिंग कारखान्याचा सगळा हिशेब आता क्लाउडवर. म्हणजे नेमका कुठं, हे आमचे मालक रामरावशेठ यांनाही ठाऊक नाही. भार्गवीला ठाऊक. खामगावचीच पोरगी, पुण्याहून शिकून आली. एसीच्या खोलीत आता ती. माझं टेबल बाहेर वजनकाट्यावर. धूळ आणि कापूस!

५ नोव्हेंबर
शेठ अकोल्याला लग्नात. मांडवातूनच मोबाईलवर गाठींचा साठा पाहिला, आणि मलाच फोन करून सांगितलं— इथून दिसते म्हणे! आधी हाच आकडा विचारायला मला फोन यायचा.

८ नोव्हेंबर
वासंती जेवताना म्हणाली, पोरगी हुशार आहे. बायकोसुद्धा! ताटावरून उठलो.

१२ नोव्हेंबर
रस्ता खोदताना केबल तुटली. नेट बंद. पावती निघेना, कापसाच्या गाड्या पार फाटकाबाहेर. शेतकरी चिडलेले. मला बरं वाटलं— खोटं कशाला लिहू? आता शेठ तिला बोलतील, म्हणून वाट पाहत बसलो.
तिनं मोबाईल काढला. त्याचंच नेट जोडलं. पावत्या सुरू! वर मला म्हणे, काका, तुम्ही वजन सांगा, मी भरते. अंधार पडेपर्यंत सांगत राहिलो. गाडीवाले जाताना तिचं कौतुक करून गेले. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

१३ नोव्हेंबर
काका म्हणे. मी कुठला हिचा काका?

२० नोव्हेंबर
शेठनं दोघांना वर बोलावलं. माझी जायची पाळी आली, असंच वाटलं. वासंतीला कसं सांगायचं, या विचारात जिना चढलो.
शेठ भार्गवीला म्हणाले, "तू समदं इतकं चांगलं बसवून देल्लं, आता इथं कोनी बसाची गरजच नाही राह्यली. क्लाउडवाली पुण्याची कंपनी तिकूनच पाहीन. महिनाभर ये फक्त."
मला म्हणाले, तू राहा. कापूस तर काट्यावरच येते.
हायसं वाटलं. भार्गवीकडे पाहायचं मात्र धाडस झालं नाही.

२२ नोव्हेंबर
दुपारी भार्गवी पर्स घेऊनच काट्यावर आली. उभ्याउभ्याच बोलली.
"काका, शेठ म्हणाले, जायच्या आधी काट्याले यंत्र लावून दे. वजन आपोआप क्लाउडवर चढलं पाहिजे, काट्यावर माणूस नको. मी नाही म्हटलं. मंग ते म्हणाले, आजच जा."